दफेदार शितोळे आणि क्लबाचा कोल्हा

मनोहर शितोळे या माणसाविषयी अविनाशराव बेहेऱ्यांना खात्रीने जे ठाऊक होतं, ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं. गाव म्हसवडच्या बाजूचं. फौजेच्या घोडदळात बावीस वर्षं नोकरी, दफेदार म्हणून निवृत्त. मग दमदमच्या पुढे, ज्यूटवाल्या साहेबांनी काढलेल्या एका जुन्या क्लबात घोड्यांचे मास्तर. बायको होती की नव्हती, मुलं असली तर कुठे होती, हे अविनाशरावांनी चार वर्षांत एकदाही विचारलं नाही. विचारावंसं वाटलं की तोंडात बँकेतलाच प्रश्न यायचा, वारस कोण म्हणून, आणि ते गप्प बसायचे. शितोळ्यांविषयी सांगायला खरं तर दुसरा कुणी हवा होता. पण दुसरा कुणी नाही. क्लबाच्या दप्तरात त्यांच्या नावापुढे एक ओळ असेल, 'बेशिस्तीबद्दल कमी केले', आणि ती धडधडीत खोटी आहे.

ओळख झाली ती नातीमुळे. अविनाशराव सरकारी बँकेतून कोलकात्यातच निवृत्त झाले. मुलगा निखिल न्यू टाउनमधल्या कंपनीत लागला, तेव्हा पुण्याला परतण्याचं लांबत लांबत राहूनच गेलं. निखिलच्या कंपनीमुळे क्लबाचं सभासदत्व मिळालं आणि यामिनी, त्याची मुलगी, नऊ वर्षांची असताना घोड्यावर बसायला शिकू लागली. तिला नेण्या-आणण्याचं काम आजोबांकडे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी साडेतीन. अविनाशराव रिंगणाबाहेरच्या बाकावर छत्री मांडीवर घेऊन बसत आणि कुणी बोलायला येऊ नये अशी मनात प्रार्थना करत.

पहिल्याच आठवड्यात रिंगणातून आवाज आला, "अगं, टाच खाली! मांड घट्ट, हात सैल!" यामिनीचं मराठी घरी जेवणाच्या टेबलापुरतं. मांड म्हणजे काय हे तिला कळलं नाही, पण टाच खाली गेली. अविनाशराव चमकून उभे राहिले. परक्या शहरात पाठीमागून अचानक आपली भाषा ऐकू आली की माणूस चोरी पकडल्यासारखा वळतो, तसे ते वळले.

शितोळे बुटके, काळेसावळे, पाय धनुकलीसारखे बाहेर वाकलेले. चालताना जरा हास्यास्पदच दिसत. घोड्यावर चढले की ते पाय जिथल्या तिथे बसत आणि मग त्यांच्याकडे बघून हसायची कुणाची छाती नव्हती. तबेल्यात अकरा घोडे होते, आणि एक शेवंती. क्लबाच्या वहीत तिचं नाव डचेस. तांबूस रंगाची, कपाळावर चांदणी, वय एकवीस. घोडीच्या मानाने म्हातारी. शितोळे क्लबात आले तेव्हा तिला शर्यतीच्या मैदानावरून टाकून दिलेली म्हणून आणली होती आणि ती कुणाला जवळ येऊ देत नव्हती. तीन महिने शितोळे तिच्या ठाणाबाहेर खाट टाकून झोपले. त्यानंतर ती त्यांच्याशिवाय कुणाची राहिली नाही, आणि बाकीचे अकरा तिचे झाले. ती चालली की ते चालत, ती थांबली की थांबत.

शिकवणी संपल्याची शितोळ्यांची एक खूण होती. शिट्टी नाही, आरोळी नाही. ते शेवंतीवरून खाली उतरत, खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालून आवळलेला पट्टा, दोन भोकं सैल करत आणि तिच्या मानेवर थोपटत. त्यासरशी रिंगणातले सगळे घोडे माना खाली घालून उभे राहत. मग पाठीवर कुणीही असो, टाचा मारो की चाबूक दाखवो. त्यांच्या लेखी दिवस संपलेला असे. मुलांनीही उतरून आपापल्या घोड्याचा तंग आपल्या हाताने सैल करायचा, त्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. "ज्यानं पाठ दिली त्याला आधी श्वास घेऊ द्या, मग तुमचं सरबत," असं ते म्हणत. मोटारीत ताटकळणाऱ्या आयांना हे आवडत नसे.

क्लबाचा सेक्रेटरी चहाच्या कंपनीतून निवृत्त झालेला उंच, गोरा, हसतमुख बंगाली गृहस्थ. त्याचं नाव इथे लिहायची अविनाशरावांची इच्छा नाही. तो कधी कुणावर ओरडला नाही, हे लक्षात ठेवायला हवं. शितोळ्यांना तो बर्गी म्हणे. अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांचे घोडेस्वार बंगालवर चालून आले, त्यांचं हे नाव. बंगालातल्या आया अजून पोरांना त्यांची भीती घालून निजवतात. एकदा चारचौघांत तो म्हणाला, "तुमच्या लोकांच्या धास्तीने बागबाजारपासून खंदक खणला होता, दफेदार. आणि आता तुम्हीच आमच्या पोरांच्या पायाखाली रिकीब धरून त्यांना वर चढवता."

शितोळे म्हणाले, "खंदक पुरा झालाच नव्हता म्हणतात, साहेब." चारचौघे हसले. सेक्रेटरीही हसला, पण जरा उशिराने.

मागच्या वर्षी क्लबाला एकशेपंचवीस वर्षं झाली. त्यासाठी समितीने काय काढावं? शिकार. इंग्लंडात लाल कोट घालून, शिंग फुंकून, कुत्र्यांचा तांडा पुढे सोडून घोड्यांवरून खोकडाच्या मागे धावायची जी रीत होती, ती इथल्या साहेबांनी कोलकात्यातही चालवली होती. खोकड मिळेना म्हणून त्यांनी कोल्ह्यावर भागवलं, एवढाच फरक. कुत्रे विलायतेहून जहाजाने खिदिरपूरच्या गोदीत उतरत, निम्मे उन्हाळ्यात मरत, पुढल्या थंडीत नवे येत. सेक्रेटरी हे सगळं अशा कौतुकाने सांगे की जणू त्याच्या आजोबांनीच ते शिंग फुंकलं होतं. खरं तर त्याच्या आजोबांना क्लबाच्या फाटकाआत पाऊल टाकता आलं नसतं. फाटकावर 'हिंदी माणसाला मज्जाव' अशी पाटीच होती, आणि ती पाटी आता चौकट करून बारमध्ये लावली आहे. लोक तिच्याखाली उभे राहून फोटो काढतात. अविनाशरावांना त्या पाटीचा जेवढा संताप येई तेवढा कशाचाच येत नसे, पण त्यांनी तो घरी पत्नी कुसुमताईंपाशीसुद्धा कधी बोलून दाखवला नव्हता.

शिकार खोटी असणार होती. कोल्हा नाही, फक्त वास. एक माणूस वासाच्या तेलात भिजवलेलं फडकं दोरीने शेतातून ओढत पुढे जाणार, कुत्रे त्या मागावर धावणार, आणि घोडे कुत्र्यांमागे. राजारहाटच्या पलीकडे एका सभासदाची पडीक जमीन होती, कडेला खाडीसारखं पाणी आणि होगल्याचं उंच गवत. पुढे शितोळे, कारण बाकीचे घोडे शेवंतीशिवाय हलत नसत. आणखी एक प्रथा छापील कार्यक्रमात होती. पहिल्यांदाच शिकारीला आलेल्या सर्वांत लहान स्वाराच्या गालाला मारलेल्या जनावराचं रक्त लावायचं. इथे रक्ताऐवजी रंग लागणार होता. सर्वांत लहान स्वार होती यामिनी, तेरा वर्षांची. निखिलला हे कळलं तेव्हा तो फार खूश झाला, कारण त्याच्या कंपनीचे दोन मोठे साहेब त्या दिवशी येणार होते.

शितोळ्यांनी होकार दिला तो एका अटीवर. अट लेखी नव्हती. फौजेतला माणूस, त्याला दिलेला शब्द पुरे वाटला. शेवंतीला आता काम होत नव्हतं आणि समितीत तिला काढून टाकायची भाषा चालू होती. क्लबाचे टाकलेले घोडे कुठे जातात हे सगळ्यांना माहीत होतं. कोलकात्याच्या भल्यामोठ्या मैदानावर पर्यटकांना फिरवणाऱ्या काही गाड्यांना बरगड्या मोजता येतील असे घोडे जुंपलेले असतात. सेक्रेटरीने सांगितलं, "हा दिवस नीट पार पाडा, डचेस मरेपर्यंत आपल्या तबेल्यात राहील." शितोळ्यांनी ते अविनाशरावांना दोनदा सांगितलं. त्यांनी कुठलीही गोष्ट दोनदा सांगितल्याचं ते एकच उदाहरण.

मग फडक्याची तालीम झाली, ती फसली. कुत्रे कुठून कुठून गोळा केलेले. काही कुणा हौशी माणसाने पाळलेले, काही सभासदांच्या घरचे गुबगुबीत. वासाच्या तेलाकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. फडकं ओढणारा माणूस अर्धा मैल धावून धापा टाकत परत आला, तर कुत्रे जागच्या जागी बसून त्याच्याकडे पाहत होते. समितीची झोप उडाली. पाहुण्यांना निमंत्रणं गेली होती, चितपूरच्या जात्रेच्या, म्हणजे तिकडच्या लोकनाट्याच्या, दुकानातून लाल कोट भाड्याने ठरले होते.

जानेवारीतल्या एका गुरुवारी शिकवणी संपल्यावर शितोळ्यांनी अविनाशरावांना खुणेनेच बोलावलं आणि चंदीच्या कोठीत नेलं. घोड्यांचा दाणागोटा ठेवायची ती खोली. पोत्यांच्या थप्पीमागे ताडपत्री टाकलेला लोखंडी पिंजरा होता. शितोळ्यांनी ताडपत्री उचलली. आत कोल्हा. एक कान फाटलेला, पुढच्या पायाचं कातडं सळईवर घासून सोललेलं. तो गुरगुरला नाही. कोपऱ्यात अंग चोरून बसला होता आणि त्याचं सगळं शरीर थरथरत होतं, नुसते डोळे स्थिर.

"हा आपल्याच मागच्या भिंतीपलीकडला," शितोळे म्हणाले. "रोज पहाटे बघतो मी ह्याला. शेवंतीसुद्धा ओळखते. हा सोडून पुढच्या रविवारी पोत्यात घालून नेणार आणि कुत्र्यांच्या पुढ्यात सोडणार. शिकार मिळाली नाही की गोरे साहेबही असंच करायचे म्हणे. सेक्रेटरीनं पुस्तकात दाखवलं मला."

अविनाशरावांनी वाकून तो सोललेला पाय पुन्हा पाहिला.

शितोळे ताडपत्री नीट करत म्हणाले, "बावीस वर्षं मला लढायचं शिकवलं, साहेब. पण दुश्मनालासुद्धा पोत्यातून काढून सोडायचं शिकवलं नव्हतं. आणि ह्याचं रक्त पोरीच्या गालाला."

तेव्हा अविनाशराव म्हणाले, "हे बेकायदेशीर आहे." आयुष्यात त्यांनी इतक्या ठामपणे फार थोडी वाक्यं उच्चारली असतील. वनखात्याला अर्ज करायचा असं ठरलं. शितोळ्यांना इंग्रजी लिहिता येत नव्हतं. अर्ज अविनाशराव लिहिणार, सही शितोळे करणार. अविनाशरावांचंही नाव खाली असावं असं शितोळ्यांनी सुचवलं नाही, आणि अविनाशरावांनी आपणहून म्हटलं नाही. निखिलचं सभासदत्व, निखिलचे साहेब, हे सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. ते आलं हे कबूल केलं पाहिजे.

अर्ज त्यांनी रात्रीच्या जेवणाआधी हाताने लिहिला. अक्षर त्यांचं मोत्यासारखं, बँकेत नाव होतं त्याचं. विषय, संदर्भ, मग क्रमांक घालून चार परिच्छेद. आणि तळाशी, डाव्या बाजूला, छत्तीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप चालला: प्रत माहितीसाठी, मानद सेक्रेटरी.

ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याला प्रत द्यायची. त्याचं म्हणणं मांडायची त्याला संधी मिळाली पाहिजे. बँकेत त्याशिवाय तक्रार पुढे सरकतच नसे, आणि अविनाशरावांना हा नियम नेहमी न्यायाचा वाटत आला होता. शुक्रवारी सकाळी शितोळ्यांनी न वाचता देवनागरीत सही केली. मूळ अर्ज अविनाशरावांनी स्पीड पोस्टाने पाठवला. प्रतीचं टपाल कशाला म्हणून ती क्लबाच्याच पेटीत स्वतःच्या हाताने टाकली. पेटीचं झाकण खाली पडताना खट् असा आवाज झाला आणि त्यांना कर्तव्य केल्याचं समाधान वाटलं. त्या समाधानाची आठवण आली की आजही त्यांना उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटतं.

त्याच दिवशी संध्याकाळी चंदीच्या कोठीतून पिंजरा नाहीसा झाला. अर्ज टपालात पडला तेव्हा शिकारीच्या रविवारला नऊ दिवस होते, त्यामुळे वनखात्याची माणसं वेळेत आली. मंगळवारी दोघे आले, कोठी पाहिली, तबेला पाहिला. सेक्रेटरीने त्यांना पोतं उघडून दाखवलं, त्यात तेलाचं फडकं. त्याने त्यांना हिरवळीवर खुर्च्या दिल्या, चहा दिला, शिकारीचा इतिहास सांगितला. बिचारे काय करणार? समोर कोल्हा नव्हता.

ते गेल्यावर सेक्रेटरीने शितोळ्यांना बोलावलं. काय बोलणं झालं ते अविनाशरावांना नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. आवाज चढला नाही. रविवारी मुकाट्याने पुढे घोडी काढायची, मग डचेस इथेच राहील आणि दफेदारही राहतील. नाहीतर दोघंही सोमवारी बाहेर. शितोळे हो म्हणाले की नाही ते कळलं नाही. बहुधा "जी" म्हणाले असतील. फौजेत त्या एका शब्दाचे पुष्कळ अर्थ होतात.

अविनाशरावांना प्रतीचा अर्थ मंगळवारीच उमगला होता. गुरुवारी ते तोंड लपवून बाकावर बसले. शनिवारी शितोळे स्वतःहून जवळ आले आणि म्हणाले, "उद्या तुम्ही या. पोरीला घरी न्यायला आपलं माणूस पाहिजे." अविनाशरावांच्या ओठांवर सगळं आलं होतं. ते म्हणाले, "येतो."

रविवारचं धुकं नऊ वाजता विरलं. पडीक जमिनीवर पांढरा मांडव, टेबलांवर चांदीची भांडी, आणि अकरा लाल कोट. जात्रेत कुणा खलनायकाने घातलेल्या कोटाच्या बाहीवर जुनी सोनेरी वेलबुट्टी तशीच होती. ती एका साखरेच्या व्यापाऱ्याच्या अंगावर आली होती आणि तो घोड्यावर बसून फोनवर बोलत होता. हसू यावं असा देखावा. पण मांडवामागे एक टेम्पो उभा होता, त्यात ताडपत्री, आणि कुत्र्यांना आता कसल्याही तेलाची गरज नव्हती. ते साखळ्या ताणून टेम्पोच्या दिशेने विव्हळत होते. पाहुण्यांपैकी कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे हातात पेला घेऊन दुसरीकडे पाहत होते.

शितोळे सर्वांत पुढे, शेवंतीवर. त्यांनी लाल कोट घातला नव्हता. जुना खाकी कोट होता, बटणं घासून चकचकीत केलेली. यामिनी सर्वांत मागे. सेक्रेटरीने शिंग ओठांना लावलं आणि अर्धवट, चिरका आवाज काढला. टेम्पोपाशी दोन माणसांनी पोतं उपडं केलं. काहीतरी राखाडी जमिनीवर पडलं, लडखडलं, उठलं. साखळ्या सुटल्या.

शितोळ्यांनी शेवंतीला दहा-बारा पावलं दुडकी नेली. मागचे घोडे निघाले. मग त्यांनी लगाम ओढला, खाली उतरले, रिकीब वर सारली आणि शांतपणे, जणू शनिवारची दुपार आहे, तंग दोन भोकं सैल केला. घोडीच्या मानेवर थोपटलं.

बाकीचे अकरा घोडे जागच्या जागी थांबले आणि त्यांनी माना खाली घातल्या.

लाल कोटांनी टाचा मारल्या. चाबूक मारले. साखरेच्या व्यापाऱ्याने घोड्याला बंगालीत, हिंदीत आणि इंग्रजीत समजावलं. घोडे गवत हुंगत होते. सगळ्यांत मागे यामिनी खाली उतरली आणि शिकवल्याप्रमाणे आपल्या घोड्याचा तंग सैल करू लागली. कुणाकडेही न पाहता. निखिल मांडवातून तिच्या नावाने ओरडला. तिने पट्टा नीट खोवला आणि मग वर पाहिलं.

घोड्यांच्या टापा मागे नाहीत, आरडाओरडा नाही, शिंग नाही, तेव्हा घरचे कुत्रे गोंधळले. काही परत फिरून जेवणाच्या टेबलांखाली शिरले. चार-पाच खरे शिकारी होते ते धावले, पण त्यांना रेटणारं कुणी मागे नव्हतं. कोल्हा तीन पायांवर खाडीच्या काठाला पोचला, पाण्यात उतरला आणि होगल्यात शिरला. कुत्रे काठावर उभे राहून भुंकत राहिले.

सेक्रेटरी शितोळ्यांपाशी आला. अविनाशराव बारा पावलांवर होते, त्यांनी स्वतः ऐकलं.

"दफेदार, घोडीवर बसा."

"तिचा दिवस संपला, साहेब."

"तुम्ही काय गमावताय ते कळतंय ना?"

शितोळे म्हणाले, "मला कळतंय. तिला सांगायला तोंड नाही मला," आणि लगाम धरून पायीच चालू लागले. अकरा घोडे, पाठीवरचे लाल कोट घेऊन, रांगेने त्यांच्या मागून निघाले.

सोमवारी शितोळ्यांची ट्रंक फाटकाबाहेर आली. बुधवारी शेवंतीला मैदानाजवळच्या एका गाडीवाल्याकडे नेलं. सेक्रेटरीने एक शब्द पाळला असं म्हणायला हवं, वाईट तो.

गुरुवारी अविनाशराव क्लबाच्या ऑफिसात गेले. छत्तीस वर्षांत वरिष्ठांच्या खोलीत ते न बोलावता कधी शिरले नव्हते. ते उभ्याउभ्याच म्हणाले की अर्ज मी लिहिला, शब्द माझे आहेत, काढायचं तर आमचं सभासदत्व काढा आणि त्या माणसाला परत घ्या. आवाज कापत होता, पण चढला होता. बाहेरचा शिपाई दारात येऊन उभा राहिला.

सेक्रेटरी हसला. "ते मला पहिल्याच दिवशी कळलं, मिस्टर बेहेरे. तुमची मागे एकदा सूचनापेटीत चिठ्ठी आली होती, पाण्याच्या नळाबद्दल. काय सुंदर अक्षर आहे तुमचं. आपल्या स्मरणिकेची मुखपृष्ठावरची ओळ तुम्ही लिहून द्याल का? आणि प्रत पाठवलीत हे फार सभ्यपणाचं झालं. बसा ना, चहा सांगतो."

अविनाशराव बसले नाहीत. काहीतरी सणसणीत बोलावं असं वाटत होतं, ते त्यांना जिना उतरल्यावर सुचलं, आणि तेही इंग्रजीत नाही. त्या दिवसापासून यामिनी क्लबात गेली नाही. निखिल बरेच दिवस घरात नीट बोलत नव्हता. "बाबा, तुम्हाला त्या घोडेवाल्याचा एवढा पुळका का?" एवढंच एकदा म्हणाला. कुसुमताई म्हणाल्या, "कारण ह्या घरात त्याच्याएवढं कुणाला जमलं नाही, म्हणून." निखिल ताटावरून उठला नाही, पण पुन्हा विचारलंही नाही.

मार्चमध्ये अविनाशराव मैदानावर गेले. तीनदा गेले तेव्हा कुठे सापडले. व्हिक्टोरिया स्मारकासमोरच्या घोडागाड्यांच्या रांगेत, पत्र्याची चंदेरी फुलं लावलेल्या एका गाडीवर, खाकी कोटातले शितोळे. गाडीला शेवंती. दफेदार त्या गाडीवाल्याकडे गेले होते आणि म्हणाले होते की गाडी मी हाकतो, ह्या घोडीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. रात्री तिच्याच शेजारी झोपत होते. ती वाळली होती, पण अंगावर एक जखम नव्हती, खरारा केलेला, खूर साफ. रांगेतल्या इतर जनावरांकडे पाहवत नव्हतं. शेवंती तेवढी बघण्यासारखी होती. ऊन चढलं की शितोळे गिऱ्हाईक घेत नसत. त्यावरून मालकाशी त्यांचा रोज वाद होई.

बावीस वर्षं देशाची नोकरी केलेला माणूस, ज्याच्या हाताखाली निम्म्या क्लबाची पोरं घोड्यावर बसायला शिकली, तो म्हातारपणी पत्र्याच्या फुलांखाली बसून सेल्फी काढणाऱ्यांना फेऱ्या मारतो. आणि त्या वेळी क्लबाच्या बारमध्ये पाटीशेजारी एकशेपंचविसाव्या वर्षाचा फोटो लागला होता, लाल कोटांचा. त्यात घोडे सुरेख दिसतात असं म्हणतात. अविनाशरावांनी तो पाहिलेला नाही आणि पाहणार नाहीत.

त्या दिवशी गाडीच्या चाकापाशी उभं राहून त्यांनी एकदाचं सांगितलं. प्रतीचं. पेटीत स्वतः टाकल्याचं. बोलताना ते शितोळ्यांकडे न बघता चाकाच्या आऱ्यांकडे बघत होते.

शितोळे म्हणाले, "मला त्यांनी मंगळवारीच दाखवली होती. अक्षर तुमचं."

"मग तुम्ही मला काही बोलला का नाहीत?"

शितोळे म्हणाले, "फौजेत आमचा एक कारकून होता. चांगला माणूस. त्यानं एकदा रजेचा अर्ज शिस्तीत वरपर्यंत पाठवला आणि माझा बाप वारल्यावर आठव्या दिवशी रजा मंजूर झाली. त्याला काय बोलणार?"

क्षमा केली की चिमटा काढला, हे अविनाशरावांना समजलं नाही. दोन्ही असेल. शितोळ्यांचा बाप होता आणि तो वारला, ही त्यांच्या घरची एकमेव गोष्ट त्यांना अशी कळली.

एप्रिलच्या उन्हात दफेदार शितोळे गेले. सकाळी घोडीला पाणी दाखवताना बसले ते उठले नाहीत. ही बातमी अविनाशरावांना रांगेतल्या दुसऱ्या गाडीवाल्याने सहा दिवसांनी सांगितली. मग मात्र त्यांनी अर्ज केला नाही. एका प्राण्यांच्या संस्थेत ते स्वतः जाऊन बसले, तीन दिवस, संध्याकाळी ऑफिस बंद होईपर्यंत, आणि तिथल्या कालिंदी नावाच्या बाईंना घेऊन गाडीवाल्याच्या दारात गेले. कुणालाही प्रत दिली नाही. शेवंती आता बारासातच्या बाजूला त्या संस्थेच्या आवारात आहे. कुणाच्या मागे धावत नाही, कुणाला ओढत नाही. पण हे बघायला जो हवा होता तो नाही, त्यामुळे यात समाधान मानण्यासारखं काही आहे असं अविनाशरावांना वाटत नाही.

शेवटची भेट मार्चअखेरची. त्या दिवशी दोघांत विशेष काहीच बोलणं झालं नव्हतं. सावलीत उभे राहून दोघांनी मातीच्या भांड्यातला चहा घेतला, यामिनीची परीक्षा कशी गेली ते शितोळ्यांनी विचारलं. एक जोडपं गाडीपाशी येऊन उभं राहिलं, तेव्हा शितोळे लगाम घेऊन वर चढले.

अविनाशराव म्हणाले, "पुढच्या आठवड्यात येतो. हिच्यासाठी काय आणू?"

"हरभरा आणा. पण भिजवून. दाढा गेल्यात तिच्या."

"किती?"

"पावशेर पुरे. डब्यात आणा, पिशवी नको, पिशवी खाते ती."

"बरं," अविनाशराव म्हणाले.